शिंगाची मूठ आणि बेळगावचा पावसाळा

म्हशीच्या शिंगाची मूठ मे महिन्यात आक्रसते आणि ऑगस्टमध्ये फुगते. लाकूडही तेच करतं, हाड जरा कमी, शिंपला जवळजवळ करतच नाही. पोलाद आणि पितळ मात्र बारा महिने आहे तेवढंच राहतं. हलणारी वस्तू न हलणाऱ्या वस्तूवर रिबिटांनी जखडलेली असते, आणि हाताने घडवलेल्या खिशातल्या चाकूंच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. चीर रिबिटापाशी पडते, मुठीच्या दोन बाजूंना बसवलेल्या पट्टीचं टोक उचलतं, सांध्याजवळ फट दिसते. लोक म्हणतात, तेल कमी पडलं. तेलाचा त्यात फारसा संबंध नसतो, हवेचा असतो.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात हे जास्त जाणवतं, कारण जिल्हा एक असला तरी हवा एक नाही. जांबोटी, कणकुंबी, आमगावच्या बाजूला झड लागली की भिंतीला ओल येते आणि कपाटातल्या पट्ट्याला बुरशी धरते. त्याच आठवड्यात अथणी-रायबागकडे नुसता कोरडा वारा असतो. अथणीच्या पेटीत वर्षानुवर्षं धड राहिलेला चाकू खानापुरात आणला की पहिल्याच पावसाळ्यात त्याची मूठ कुरकुरायला लागते. म्हणून आम्ही दोघं-तिघं संग्राहक एकमेकांकडून चाकू घेतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, कुठल्या गावात होता?

आमच्याकडे जे जमलंय त्यात दोन घराणी आहेत. एक इथल्या लोहारांच्या हातचं: गाडीच्या जुन्या पाट्याचं किंवा कानशीचं पातं, पितळी रिबिटं, मूठ शिंगाची नाहीतर शिसवीची. दुसरं बेळगाव कॅम्पातल्या जुन्या घरांतून बाहेर पडलेलं: शेफील्ड किंवा झोलिंगेनचे घडीचे चाकू, काही लष्करी, चौकटीची नक्षी कोरलेल्या शिंगाच्या किंवा हाडाच्या पट्ट्यांचे. देखणेपणात दुसरे वरचढ, पण इथल्या हवेला पहिले जास्त सरावलेले. लोहार रिबिटाचं भोक थोडं सैल ठेवतो. बघणाऱ्याला ती हयगय वाटते, पण त्यात शहाणपण आहे.

शनिवारच्या बाजारात किंवा भंगाराच्या ढिगात चाकू हाती आला की उघडण्याआधी बंद स्थितीतच बघायचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी टॉर्च एवढं पुरतं. आधी रिबिटांच्या भोवती केसासारखी चीर आहे का ते बघायचं, कारण तिथली चीर पुढे जाणारच. मग पट्टीची टोकं: नख अडकलं तर पट्टी उचललेली आहे. मग चाकू हळू उघडायचा. कमान, म्हणजे मुठीतली स्प्रिंग, चांगली असेल तर पातं शेवटी स्वतःहून ओढलं जातं आणि बसताना स्पष्ट टक असा आवाज येतो. उघडल्यावर पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर सांध्याची पिन झिजलेली असते. ते दुरुस्त होतं, पण मुठीच्या जिवावर, कारण पिन ठोकताना हादरा पट्टीलाच बसतो. शिंगाची मूठ चांगली आणि सांधा ढिला, असा चाकू आम्ही तसाच ठेवतो.

पट्टी कशाची आहे हे ओळखणं महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. शिंगाला टॉर्च लावली की कडेला मधासारखा उजेड पाझरतो आणि आत बारीक समांतर रेषा दिसतात. हाडाच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे काळपट ठिपके किंवा बारीक चरे असतात, रक्तवाहिन्यांच्या नळ्यांचे. प्लास्टिकवर साच्याची शिवण सापडते. गरम सुई टोचून बघण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. एक तर कायमचा डाग पडतो, आणि पट्टी सेल्युलॉईडची, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही प्लास्टिकची, निघाली तर ती भस्सकन पेटते. सेल्युलॉईड अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की कापराचा वास येतो, तेवढी खूण पुरते. असा चाकू इतरांच्या शेजारी कधीच ठेवायचा नाही. जुनं सेल्युलॉईड सडत जाताना आम्लाच्या वाफा सोडतं, आणि त्याच पेटीतल्या बाकी पात्यांवर कारण न कळता गंज चढत जातो. त्याला वेगळं आणि हवेशीर ठेवायचं, झाकणबंद नाही.

सांबरशिंग आणि हस्तिदंत समोर आलं तर किंमतही विचारायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, आणि भीमगडच्या जंगलात गळून पडलेलं शिंग आहे हो, कुणी मारलेलं नाही, या बोलण्याने सुटका होत नाही. कासवाच्या पाठीचंही तेच. लांबीचं म्हणाल तर शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा विषय येतो. खिशातला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. तरी बटण दाबून उघडणारे आम्ही घेत नाही, आणि जमावबंदी असेल तेव्हा कुठलाच चाकू खिशात ठेवत नाही.

घरी आणल्यावर धुवायचा नाही. मुठीच्या फटीत गेलेलं पाणी पट्टीखालच्या पितळी अस्तरापर्यंत पोचतं आणि बाहेर यायला आठवडे घेतं. मऊ ब्रशने कोरडी धूळ, दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून सांध्यातली माती, आणि मुठीवर फक्त ओलसर केलेला कापूस: एक वाटी डिस्टिल्ड पाण्यात साध्या साबणाचा एक थेंब, कापूस पिळून घेतलेला, लगेच मागून कोरडा कापूस. रॉकेल, पेट्रोल काही नाही. पितळी रिबिटं चकचकीत करायला चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावण्याचा मोह होतो. आम्ल हाड आणि शिंपला दोन्ही खातं, आणि पावडर रिबिटाभोवती पांढरी रेघ धरून बसते ती निघत नाही. पितळ काळपट राहू द्या.

रिबिटाच्या कडेला हिरवं मेणासारखं काही साचलेलं दिसेल. ते तांबं आणि चरबी यांच्या संयोगाने होतं, म्हणजे कुणीतरी पूर्वी प्रेमाने भरपूर तेल लावलेलं आहे. ते बांबूच्या काडीने खरवडायचं, सुईने नाही, मग कोरड्या कापसाने पुसायचं. पुन्हा आलं तर पुन्हा काढायचं. याच कारणासाठी चामड्याच्या म्यानात चाकू साठवत नाहीत. अथणी-निपाणीकडे चप्पल करणाऱ्यांकडून सुंदर म्यान शिवून मिळतं, आम्हीही करून घेतलीत, पण कमावलेल्या चामड्यात टॅनिन आणि ओल दोन्ही असतं. म्यान कमरेला, चाकू पेटीत, दोघांची भेट फक्त प्रवासात.

शिंगाच्या आत काय आहे ते कळलं की त्याच्याशी कसं वागायचं ते आपोआप कळतं. ते केराटिन आहे, नखासारखं, थरांवर थर असलेलं. टोक भरीव असतं, बुडाकडे पोकळ नळी. पट्टी भरीव टोकातून काढलेली असेल तर ती लहान पण शांत असते. पोकळ भागातून काढायची तर शिंग उकळत्या पाण्यात किंवा तेलात मऊ करून दाबून सपाट करावं लागतं, आणि अशा पट्टीला आपला मूळ बाक आठवतो. दमट उष्मा मिळाला की ती पुन्हा वळायला बघते. टोकं उचललेल्या पट्ट्यांपैकी बऱ्याच या जातीच्या असतात. त्यांना डिंकाने चिकटवून टाकणं म्हणजे त्या मधोमध फुटणार याची सोय करणं. टोक उचललंय, उचललेलं राहू दे.

उन्हाळ्यात सगळ्यात मोठी चूक लोक करतात ती फट भरण्याची. एप्रिलमध्ये मुठीच्या टोकाचा पितळी ठोकळा आणि शिंगाची पट्टी यांच्यामध्ये फट दिसते, मन अस्वस्थ होतं, आणि कुणीतरी एपॉक्सी भरून ती बुजवतो. जुलैत शिंग फुगतं, त्याला सरकायला जागा नसते, मग ते रिबिटावर जोर टाकतं आणि तिथे चिरतं. फट ही त्या चाकूची श्वास घ्यायची जागा आहे. ती भरण्याऐवजी आम्ही मोजतो. साधा ७५ जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या पट्ट्या कापून फटीत किती मावतात ते वहीत लिहायचं. मे महिन्यात दोन कागद आणि ऑगस्टमध्ये एकही नाही, असा चाकू निरोगी. मे महिन्यात दोन आणि ऑगस्टमध्येही दोनच असतील तर पट्टी कुठेतरी अडकली आहे किंवा आतून चिरली आहे, भिंग काढा.

मृग लागायच्या आधी पेट्या तयार करायच्या. पत्र्याची किंवा घट्ट झाकणाची प्लास्टिकची पेटी, सुमारे १० लिटरची. नव्या प्लायवूडचं किंवा एमडीएफचं कपाट नको. त्याच्या वाफांनी शिंपल्यावर पांढरी भुकटी फुलते आणि पातं मळकट होतं. पेटीत १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि एक डिजिटल आर्द्रतामापक. हे मापक स्वस्त असतं आणि खोटंही बोलतं, म्हणून आधी मिठाने तपासायचं: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे काही थेंब, चिखल होईल इतपतच, ते आणि मापक एकाच झिप पिशवीत रात्रभर बंद. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे, मापकावरच पेन्सिलीने तसं लिहून ठेवायचं.

पेटीत ४५ ते ५५ टक्के हवेत. ६५ च्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण. पण खाली जाणंही तितकंच वाईट, आणि हे सांगूनही लोकांना पटत नाही. जास्त सिलिका जेल घालून पेटी ३० वर आणली तर तुम्ही पावसाळ्यातच घरात एप्रिल तयार केलात. आकडा ४५ च्या खाली गेला की अर्धी पुरचुंडी काढायची. वर चढायला लागला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, थंड करून परत ठेवायची. पेटी माळ्यावर नको, पत्र्याखाली तर नकोच. घरातली आतली भिंत, जमिनीपासून दोन फूट वर, देवघराच्या खालचं कपाट बऱ्याच घरांत उत्तम ठरतं. फक्त समईचं तेल सांडत नाही एवढं बघा.

चाकू धुतलेल्या जुन्या मलमलमध्ये गुंडाळायचा, वर्तमानपत्रात नाही. त्या कागदात आम्ल असतं आणि तो ओल धरतो. घडीचा चाकू पूर्ण बंद ठेवायचा. अर्धा उघडा ठेवला तर कमान महिनोन्महिने ताणलेली राहते. सांध्यात एकच थेंब हलकं यंत्राचं तेल, तेही सुईच्या टोकाने. जास्त झालेलं तेल पट्टीखाली पसरतं आणि हाडावर पिवळा, पारदर्शक डाग बनून वर येतं.

आता मुठीच्या तेलाकडे. खोबरेल नको: खवट होतं, आणि आपल्या थंडीत २४ अंशांच्या आसपास थिजतं. शेंगदाण्याचं, तिळाचं तेल चिकट होऊन धूळ धरतं. जवसाचं तेल लाकडावर सुकून कडक होतं, शिंगावर त्याचा उपयोग नाही, आणि त्याचे बोळे ढिगात टाकले तर आपोआप पेटतात. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन सगळ्यात बरं, ते खवट होत नाही. शिंगाच्या मुठीला दोन थेंब, बोटाने चोळून, वीस मिनिटांनी कोरडं पुसायचं. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. हाडाला वर्षातून एकदा आणि एकच थेंब. शिंपल्याला काही नाही. शिसवी मुळातच तेलकट, तिला मेण पुरतं.

मेण घरी होतं. १० ग्रॅम मधमाशीचं मेण गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं (ते ६२-६४ अंशांवर वितळतं), आच बंद करायची, चूल विझल्याची खात्री करायची आणि मग ३० मिलिलिटर टर्पेंटाइन ढवळत घालायचं. क्रम उलटा केला तर भडका उडतो. थंड झाल्यावर मलमासारखं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं घ्यायचं, लावायचं, दहा मिनिटांनी जुन्या सुती कापडाने घासायचं. मेण ओल अडवत नाही, फक्त तिचं येणं-जाणं मंद करतं; तेवढंच हवं असतं. उन्हाळ्यात मात्र हे मेण हाताला चिकटतं. ज्यांना ते सहन होत नाही त्यांनी मायक्रोक्रिस्टलाइन मेण आणावं, महाग आहे पण सौम्य आहे.

लाकडांबद्दल थोडक्यात. शिसवी, चिंच, बोर या मुठी त्रास देत नाहीत. बाभूळ आणि खैर यांच्यात टॅनिन भरपूर, त्यामुळे लोखंडी रिबिट असेल तर ओलीत त्याच्याभोवती निळसर काळं वर्तुळ उमटतं. ते डाग लाकडाच्या आत असतात, घासून जात नाहीत.

ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्या पेट्या उघडून कीड बघायची. शिंग खाणारी अळी केसाळ, तपकिरी, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. अळी दिसेलच असं नाही. मलमलवर पडलेली भुकटी आणि टाकलेली कात दिसते, आणि मुठीवर नागमोडी खरवडल्यासारखे चर. डांबरगोळ्यांनी ती मरेलच असं नाही, उलट गोळ्यांच्या वाफांनी काही प्लास्टिकं मऊ पडतात. उपाय थंडीचा: चाकू कापडात, मग दोन प्लास्टिक पिशव्यांत, हवा दाबून काढून, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थेट थंड पात्यावर बसते. शिंपल्याचे आणि आधीच चिरलेले चाकू फ्रीजरमध्ये घालायचे नाहीत.

त्याच सुमाराला खंडेनवमी येते. संग्रहातला चाकू पूजेत मांडायला हरकत कसली, उलट तो त्याचा मान आहे. पण हळद हाडात आणि फिकट शिंगात मुरते, तेल लावलेल्या मुठीत तर झटकन. मुठीला मलमल बांधून ठेवायची, हळद-कुंकू फक्त पात्याच्या पाठीवर, ओलं फूल पितळेवर नाही, आणि आरती झाली की संध्याकाळीच पुसून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायच्या गडबडीत ते राहून जातं आणि कुंकवाखाली गंजाचा ठिपका धरतो.

पट्टी खरंच गेली असेल, म्हणजे दोन तुकडे झाले असतील किंवा किडीने पोखरली असेल, तर नवी बसवायला ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच काळ. तेव्हा शिंग ना आक्रसलेलं असतं ना फुगलेलं. पाळीव म्हशीच्या शिंगाच्या भरीव टोकातून ४ मिलिमीटरचा काप काढून तो चाकूंच्याच पेटीत ठेवायचा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर आठवड्याला एकदा तोलायचा. वजन उतरायचं थांबलं की काप तयार. मग कानशीने ३ मिलिमीटरच्या थोडं वर आणायचा. पितळी ठोकळ्याशी एका कागदाएवढी फट आत्ताच ठेवायची. २ मिलिमीटरच्या पितळी तारेला २.१ किंवा २.२ चं भोक पाडायचं, ड्रिल मंद, खाली लाकडाचा तुकडा, आणि ड्रिल दर दोन सेकंदांनी वर उचलायचं. जळक्या केसांचा वास आला म्हणजे शिंग तापलं. तापलेलं भोक थंड झाल्यावर आवळतं आणि तार दाबून धरतं, म्हणजे सैल ठेवण्याचा हेतूच गेला.

तार दोन्ही बाजूंना सुमारे १ मिलिमीटर वर ठेवून, लहान पितळी वॉशर घालून, १०० ग्रॅमच्या हातोडीने कडेकडेने गोल फिरत टिचक्या मारायच्या. मधोमध एक दणका दिला तर तार आतल्या आत फुगते आणि पट्टी तिथल्या तिथे चिरते. पट्टी खडखडायची थांबली की हातोडी खाली ठेवा. अजून एक टिचकी मारावीशी वाटते तीच नेमकी जास्त असते. पॉलिश पेपर २४०, ४००, ६००, १००० असा, तोंडाला मास्क बांधून, कारण शिंगाची भुकटी घशात बसते. शेवटची झळाळी खडूची बारीक पूड आणि तेल नमद्यावर घेऊन हातानेच काढायची. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणाच्या तरी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, दोन मिनिटांत चकाकी येते खरी, पण ते चाक मिनिटाला २८०० फेऱ्यांवर असतं. शिंग तापून थर सुटतात आणि आत ढगाळ पांढरे डाग उमटतात ते जन्मात जात नाहीत.

काढलेली जुनी पट्टी, तुकडे आणि रिबिटंसुद्धा टाकायची नाहीत. किडीने पोखरलेली असेल तर आधी फ्रीजरचे दोन आठवडे, मग पेन्सिलीने तारीख आणि चाकूची खूण लिहिलेल्या कागदी पाकिटात, त्याच पेटीत. पुढे तो चाकू ज्याच्या हाती जाईल त्याला कुठली बाजू मूळ आणि कुठली नंतरची हे त्याशिवाय कळणार नाही, आणि नवीन पट्टी जुनी म्हणून विकणारे बाजारात कमी नाहीत.